वजनांचा रकाना

भरे गावात आम्ही दोघं एकाच घरात भाड्याने राहत होतो, मी खाली आणि ती वर. रोज सकाळी एकाच रस्त्याने एकाच कामावर जायचो. वीस मिनिटांची वाट. ती पन्नास पावलं पुढे असायची आणि मी मागे. अंतर कमी झालं की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचो. पिरंगुटकडे जाणारी एखादी जीप थांबली तर आमच्यापैकी एकच जण चढायचा, दुसरा हात हलवून नको म्हणायचा. गावात लोकांना वाटायचं की आमचा काहीतरी जमिनीचा किंवा सोयरिकीचा वाद असणार. वाद होता हायड्रोजनच्या एका अणूचा.

हे सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मीही हसत हसतच सांगायचो, आणि सांगताना एक गोष्ट गाळायचो. ती इथे गाळणार नाही.

साल २००५. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. त्याआधी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, तेही तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करून. बायको आणि मुलगी तिकडेच होत्या. मी पुढे येऊन मुळशीतल्या या छोट्या कंपनीत लागलो होतो. कंपनी म्हणजे एक पत्र्याची शेड, सहा माणसं, आणि एका थंड खोलीत मांडणीवर रचलेले सोळा संगणक, सगळे मिळून एकच काम करणारे. मालकांनी आयुष्यभर रसायनांचा कारखाना चालवला होता. तो मुलांकडे देऊन त्यांनी हे नवं काढलं होतं. औषध कंपन्या आम्हाला एखादा रेणू द्यायच्या. तो आम्ही संगणकात उभा करायचो आणि गरम केल्यावर, दमट हवेत, दाबाखाली तो कसा हलतो ते बघायचो.

माझी पद्धत जुनी होती. अणू म्हणजे गोळे, त्यांच्यामधले बंध म्हणजे स्प्रिंगा. गोळ्यांना धक्का द्यायचा आणि न्यूटनच्या नियमांनी पुढे पुढे सरकवत न्यायचं, एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत. तेवढ्यातही लाखो पावलं पडतात. या कामात मी चोख होतो. माझ्या फाईलीत कधी एखादा अणू इकडचा तिकडे झाला नाही.

ती जूनमध्ये आली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कोल्हापूरकडची. तिकडच्या ज्युनिअर कॉलेजातली कायमची नोकरी वडिलांच्या मनाविरुद्ध सोडून आली होती. तिची पद्धत नवी होती. हायड्रोजन इतका हलका असतो की त्याला एका ठिपक्यात बसवता येत नाही, तो पसरलेला असतो, आणि या पसरण्याने रेणूचं वागणं बदलतं, असं तिचं म्हणणं. त्यासाठी ती एका अणूच्या जागी बत्तीस मण्यांची बंद माळ धरायची. अणू जितका हलका तितकी माळ मोठी. त्यामुळे माझ्या एका गणिताच्या जागी यंत्राला तिची बत्तीस गणितं करावी लागायची.

मालकांचा एक नियम होता. त्यांना सगळं मराठीत समजावून सांगायचं. मराठीत सांगता येत नसेल तर तुम्हालाच ते समजलेलं नाही, असं ते म्हणायचे. म्हणून यंत्रावर माझ्या कप्प्याचं, म्हणजे क्लासिकलचं, नाव 'अभिजात' पडलं आणि तिच्या, म्हणजे क्वांटमच्या, कप्प्याचं 'पुंज'. माझा शब्द मला आवडायचा. अभिजात म्हणजे काहीतरी खानदानी वाटायचं. तिच्या शब्दाचा आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात पुंजका करून टाकला. मी त्यांना वहिनी म्हणायचो, त्या मला भावजी. संध्याकाळी जिन्यावरून ती वर जायला लागली की वहिनी विचारायच्या, "काय गं पोरी, तुजा पुंजका काय म्हंतुया आज?" ती हसून उत्तर द्यायची. वहिनींशी बोलताना ती अगदी वेगळी असायची. याचाही मला राग यायचा.

पावसाळ्यात आमच्याकडे एक काम आलं. एका औषधाची भुकटी दमट हवेत बिघडत होती. रेणूमध्ये दोन ऑक्सिजन अणू समोरासमोर आणि त्यांच्यामध्ये एक हायड्रोजन होता. हा हायड्रोजन अलीकडच्या ऑक्सिजनला चिकटून राहतो, पलीकडच्याला, की मधल्यामध्ये बसतो, यावर सगळं अवलंबून होतं. मालकांनी आम्हाला दोघांनाही समोर बसवलं आणि सांगितलं की हे काम दोघांनी आपापल्या पद्धतीने करायचं. आम्ही दोघंही तेव्हा तात्पुरते होतो. वर्षअखेरीला ठरवू, म्हणाले, दोन पद्धती पोसणं मला झेपणार नाही, एक राहील. फरक पडतच नसेल तर अभिजात. पडत असेल तर पुंज.

त्याच बैठकीत तिने त्यांना माळ समजावून सांगितली. प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस घेतला, दोन बोटांनी तो ओढून विरळ केला आणि म्हणाली की साहेब, हायड्रोजन असा असतो, ठिपका नसतो. मालक पुढे वाकून बघायला लागले. त्यांना ते पटतंय हे मला दिसलं.

"मॅडम वाती वळतायत," मी म्हणालो. "शेडमध्ये देवघर काढायचं का, साहेब?"

बाकीचे हसले. तिने कापूस टेबलावर ठेवला. "तुमच्या गोट्या खेळून झाल्या की सांगा, सर," ती म्हणाली. "मग मोठ्यांचं बोलू."

पुन्हा सगळे हसले, या वेळी जास्त. तेव्हापासून शेडमध्ये मी गोट्या आणि ती वाती. यंत्राचे दिवस वाटून दिले होते: सोमवार ते बुधवार माझे, शुक्रवार ते रविवार तिचे. गुरुवारी औद्योगिक पट्ट्यात लाईट नसायची, म्हणून शेडलाच सुट्टी. बुधवारी संध्याकाळी माझं गणित दहा मिनिटं जास्त चाललं तर ती फळ्यावर वेळ लिहून ठेवायची. सोमवारी तिची एखादी फाईल माझ्या जागेत राहिली तर मी मालकांना लेखी कळवायचो. आम्ही दोघं तिशी-चाळिशी ओलांडलेली शिकलेली माणसं, आणि शाळेतल्या बाकावरच्या रेघेवरून भांडावं तसं भांडत होतो. पण रेघ ओढायला पहिल्यांदा मीच बसलो होतो, कारण मला भीती वाटत होती. पुन्हा जूनमध्ये अर्ज करत फिरण्याची भीती. हे कारण म्हणून सांगत नाही. तिलाही परतीची वाट नव्हतीच.

तुलना खरी व्हावी म्हणून मालकांनी एक अट घातली. दोघांनी एकाच फाईलपासून सुरुवात करायची. तेच अणू, त्याच जागा, बलाचं सूत्रही तेच. फरक फक्त ठिपका की माळ एवढाच. फाईल मी बनवायची असं ठरलं, कारण त्या कामात माझा हात चांगला होता. तिचा प्रोग्राम माझी फाईल वाचू शकत नव्हता, म्हणून ती त्याच्या साच्यात घालणारा छोटा प्रोग्रामही मीच लिहिला. त्यातून जी फाईल बाहेर पडायची ती यंत्रालाच कळणारी असायची. माणसाने उघडून बघितली तर नुसत्या खुणा दिसायच्या.

आता ती गोष्ट. माझ्या पद्धतीत एक सवय रूढ होती आणि ती चुकीची नव्हती. हायड्रोजन हलका, म्हणून तो फार जोरात थरथरतो, आणि त्याच्यामुळे सगळं गणित फार लहान पावलांनी चालवावं लागतं. म्हणून आम्ही त्याचं वजन फाईलमध्ये चौपट लिहायचो आणि वाढवलेलं तेवढं वजन शेजारच्या जड अणूतून कमी करायचो. पुस्तकात याला वस्तुमान म्हणतात, आम्ही बोलताना वजनच म्हणायचो. अणू जड झाला की थरथर मंदावते, पावलं दुप्पट मोठी टाकता येतात, काम निम्म्या वेळात होतं. आणि उत्तर बदलत नाही. गोळे आणि स्प्रिंगांच्या जगात एखादा अणू सरासरी कुठे बसतो हे त्याच्या वजनावर ठरतच नाही. जड गोळा हळू फिरतो, पण फिरतो त्याच जागांमधून. ही सवय हाताला इतकी बसली होती की मी ती फाईल बनवताना वजनांच्या रकान्यात हायड्रोजनचे आकडे चौपट घातले, त्याचा वेगळा विचारही केला नाही.

तिच्या जगात मात्र वजनावरच सगळं होतं. वजन चौपट केलं की माळ आकसून निम्मी होते आणि हायड्रोजन जवळजवळ ठिपका होऊन बसतो. माझ्या जगातली निरुपद्रवी सोय तिच्या जगात नेली की ती जे शोधत होती नेमकं तेच पुसलं जात होतं. सप्टेंबरमध्ये फाईल दिली तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एवढं एक मी शपथेवर सांगू शकतो, आणि ते कुणाच्या उपयोगाचं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी तिचं उत्तर आलं. हायड्रोजन कुठे किती वेळा सापडतो याच्या आलेखात तिची तांबडी रेघ माझ्या निळ्या रेघेवर जवळजवळ जाऊन बसली. दोन्हींना दोन शिखरं, एक अलीकडच्या ऑक्सिजनपाशी आणि एक पलीकडच्या. मधली दरी तिच्या रेघेत किंचित उथळ होती, पण ते कागद डोळ्यांपाशी नेल्यावर दिसायचं. मी खूश झालो. दोन-तीन दिवस मी तिच्या मागून नाडी न बांधता चाललो.

त्यानंतरचा गुरुवार होता. भात झोडून झालं होतं. खळ्यावर पोत्यांची रास होती आणि ते घ्यायला गिरणीवाला आला होता. मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. गिरणीवाल्याने पोत्यात हात घातला, चार दाणे काढले आणि एक दाताखाली धरला. मग वहिनींकडे बघून म्हणाला, "भात वलं हाय, वयनी. वजनात भरतंय."

"चार दिस ऊन दाखवलंय," वहिनी म्हणाल्या. "तुज्या दाताला काय झालंय ते बघ आदी."

"दात लबाड न्हाई बोलत. कट्ट वाजाय पायजे, ह्यो नुस्ता दबतुया. काटा फसंल, दात न्हाई फसायचा."

त्यांची घासाघीस पुढे चालू राहिली. मी कपबशी खाली ठेवली. वजनात भरतंय. बाहेरून दाणा तोच, आकार तोच, जागा तीच. माझ्या डोळ्यांसमोर फाईलचा रकाना आला, प्रत्येक हायड्रोजनपुढे चौपट आकडा असलेला. तिची रेघ माझ्या रेघेवर का बसली हे मला ओट्यावर बसल्या बसल्या, कागद न घेता कळलं.

जिना पंधरा पायऱ्यांचा होता. ती वर होती. तिच्या खोलीतून वहीचं पान फाडल्याचा आवाज आला. मी उठलो नाही. चहा गार झाला तो तसाच प्यायलो. स्वतःला समजावलं की तपासणं तिचं काम आहे. आपल्या गणितात कुठलं वजन जातंय हे छापून बघायला तिला प्रोग्रामची एक ओळ पुरली असती. हे खरंही होतं.

पुढच्या आठवड्यात तिच्यात बदल दिसायला लागला. सकाळी ती पुढे नसायची. मीच पुढे आणि ती कुठेतरी मागे. फळ्यावर माझ्या वेळा लिहिणं तिने सोडून दिलं. वहिनींनी मला अंगणात अडवलं. पोर दोन दिवस झाले नीट जेवत नाही, ताट तसंच खाली येतंय, तुम्ही काही बोललात का तिला, असं विचारलं. मी म्हणालो की आम्ही बोलतच नाही. "तेच म्हंते मी," वहिनी म्हणाल्या आणि ताट घासायला बसल्या.

मग एका दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. हातात वही होती. शेडमध्ये बाकी कुणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. टोमणा मारणार म्हणून मी तयार होतो.

"सर, एक विचारायचंय," ती म्हणाली. "सुरुवातीच्या फाईलमध्ये तुम्ही काही वेगळं केलंय का? नेहमीपेक्षा?"

"नेहमीपेक्षा वेगळं काही नाही," मी म्हणालो. "अणू तेच आहेत. जागा त्याच."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. वाक्य मी आधीच जुळवून ठेवलं होतं हे बोलताना मला कळलं.

तिने वही मिटली. "मग माझंच चुकतंय कुठेतरी," ती म्हणाली. "सगळं तीनदा तपासलं. तुमची फाईल तेवढी तपासली नाही. तुम्ही माणूस कसेही असा, फाईल तुमची स्वच्छ असते."

एवढं बोलून ती गेली. सहा महिन्यांत तिने माझ्याबद्दल काढलेले हे पहिले चांगले शब्द. मी तेव्हा बोलू शकत होतो. ती दारापर्यंत पोहोचेपर्यंत बोलू शकत होतो. आमच्यात जे वैर होतं ते तिने बाजूला ठेवलं होतं. मी ते हातात घट्ट धरून बसलो, कारण ते सोडलं असतं तर मला तिला हाक मारावी लागली असती.

डिसेंबरअखेरची बैठक दहा मिनिटांत आटोपली. मालकांनी दोन्ही रेघांचा कागद समोर ठेवला. ती म्हणाली की दरी किंचित उथळ आहे, त्यामागे काहीतरी आहे, तिला आणखी एक महिना हवा. मालकांनी चष्मा वर करून कागद डोळ्यांजवळ नेला आणि परत ठेवला.

"दोन्ही रेघा एकच आहेत," ते म्हणाले. "मग बत्तीसपट वेळ खाणारी रेघ कशाला?"

तिने कागद आपल्याकडे ओढून घेतला. चौपट वजनांचं मी सांगितलं नाही. औषध कंपनीला कळवण्यात आलं की हायड्रोजन एका वेळी एकाच बाजूला चिकटतो, साधी पद्धत पुरेशी आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती एस.टी.ने गेली. एक पत्र्याची ट्रंक वरच्या खोलीत राहिली. नंतर येऊन नेते, असं वहिनींना सांगून गेली. वहिनी फाट्यापर्यंत पोहोचवायला गेल्या. मी खोलीत होतो आणि खिडकी लावून घेतली होती.

यंत्र आता आठवड्याचे सगळे दिवस माझं होतं. फेब्रुवारीत मी तिच्या कप्प्यात गेलो, वजनांचा रकाना खऱ्या आकड्यांनी भरला आणि तिचं गणित तिच्या पद्धतीने पुन्हा लावलं. गुरुवारी थांबवून, शुक्रवारी पुन्हा चालू करून, एकूण एकोणीस दिवस यंत्र त्यावर होतं. कुणी विचारलं तर चाचणी चालू आहे म्हणून सांगायचो. उत्तर आलं तेव्हा दोन शिखरं नव्हती. एकच होतं, बरोबर मध्ये. हायड्रोजन या ऑक्सिजनचाही नव्हता आणि त्याचाही नव्हता. पसरून दोघांच्या मधोमध बसला होता, तिने कापूस ओढून दाखवला होता तसा. ती पहिल्यापासून बरोबर होती. हे पृथ्वीवर एका माणसाला माहीत होतं आणि त्या माणसाने ती फाईल 'जुने' नावाच्या कप्प्यात टाकली.

मी कायम झालो. बायको आणि मुलगी आल्या, आम्ही पिरंगुटला दोन खोल्यांची जागा घेतली. मुलीला शाळेत विज्ञानाचं बक्षीस मिळालं तेव्हा बायको म्हणाली की बापावर गेली. मी तिला तोडून बोललो. का, ते तिला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या वर्षांत मी घरात फार चिडका झालो होतो. कामावर कुणी पुंज शब्द काढला तरी मी वाती वळण्याचा विनोद करायचो, आणि आता त्याला कुणी उत्तर देत नव्हतं.

२००९च्या हिवाळ्यात वहिनींचा फोन आला. वरच्या खोल्या पाडून तिथे भाड्यासाठी तीन मजले चढवायचे होते. माझा एक जुना स्टोव्ह आणि पुस्तकांचं खोकं त्यांच्याकडे राहिलं होतं, ते घेऊन जा, म्हणाल्या. गुरुवारी या, तुमाला सुट्टी असती. गेलो तर ओट्यावर ती बसली होती. तिलाही ट्रंकेसाठी बोलावलं होतं. वहिनींनी मुद्दाम केलं होतं की कसं, मला आजही माहीत नाही. त्या भाकरी थापायला आत निघून गेल्या.

ती थोडी जाड झाली होती, केस पुढून पांढरे झाले होते. आपण हल्ली प्रवेश परीक्षांचे वर्ग घेतो, असं मी न विचारताच तिने सांगितलं. संशोधन सोडलं. मग म्हणाली, "ज्याला स्वतःची चूक सापडत नाही त्याने असली कामं करू नयेत." हे ती माझ्याकडे न बघता, हवामानाबद्दल बोलावं तसं बोलली.

मी चार वर्षं मनात बोलण्याची तयारी केली होती. प्रत्यक्षात एवढंच बोललो, "चूक तुमची नव्हती. फाईलमध्ये हायड्रोजनचं वजन वाढवलेलं होतं."

ती वळली. "किती?"

"चौपट."

ती बोटाने ओट्यावर काहीतरी लिहीत होती. "म्हणजे माळ निम्मी," ती म्हणाली.

"हो."

"खऱ्या वजनाने लावून बघितलंत?"

"बघितलं. एकच शिखर येतं. मध्ये."

मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. ती उठली आणि वर गेली. मी तिच्यामागे गेलो. ट्रंक उघडून तिने वह्या बाहेर काढल्या, सात होत्या, आणि एक माझ्यासमोर उघडून धरली. पानामागून पान बारीक अक्षरात भरलेलं, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. उत्तर आल्यापासून इथून जाईपर्यंत रोज रात्री ती कागदावर आपली चूक शोधत राहिली होती. सातही वह्यांमध्ये तिला ती सापडली नव्हती, कारण ती त्यात नव्हती.

"मी विचारलं तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"साहेबांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मला काय करायचंय तुमच्या मनातलं? त्यांना सांगा. आत्ता. मी इथेच उभी आहे."

वरच्या खोलीत फोनला रेंज यायची नाही. गच्चीच्या कोपऱ्यात यायची, पाण्याच्या टाकीपाशी. मालक तेव्हा कोळवणला शेतघर बांधून तिकडे राहत होते. त्यांना फोन लावला आणि मराठीत, त्यांना समजेल असं, सगळं सांगितलं: वजन, माळ, रेघा, एकोणीस दिवस. ती तीन हातांवर उभी होती. मी एखादा शब्द मऊ केला तर ती मान हलवायची आणि मी तो पुन्हा सरळ सांगायचो. मालकांनी विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं? मी सांगितलं, बैठकीच्या महिनाभर आधी. त्यांनी फोन ठेवला.

ट्रंक खाली न्यायला एका माणसाला जमण्यासारखी नव्हती. एक कडी तिने धरली, एक मी. पंधरा पायऱ्या आम्ही तशाच उतरलो. खाली वहिनी हात पुसत आल्या आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "झालं का बोलून एकदाचं?" ती म्हणाली, झालं काकू. एस.टी.त ट्रंक चढवताना कंडक्टर कुरकुरला. तिने तिचं तिकीट काढलं. गाडी हलली तेव्हा तिने बाहेर बघितलं, पण माझ्याकडे नाही, वहिनींकडे.

मालकांनी मला काढलं नाही. सोमवारी सगळं लेखी मागितलं, औषध कंपनीला दुरुस्तीचं पत्र स्वतःच्या सहीने पाठवलं. कंपनीने त्याचं पुढे काय केलं ते आम्हाला कळलं नाही. मला त्यांनी एवढंच सांगितलं की यापुढे तुमची प्रत्येक फाईल दुसरं कोणीतरी तपासेल. आजही तपासतात. मी रकाने भरतो आणि माझ्या देखत दुसरी व्यक्ती ते वरपासून खालपर्यंत वाचते. माझ्या चोखपणाचा मला अभिमान होता, तो असा संपला.

दोन आठवड्यांनी तिची ई-मेल आली. वर नमस्कार नव्हता, खाली आभार नव्हते. सुरुवातीची मूळ फाईल, साच्यात घालणारा माझा प्रोग्राम आणि एकोणीस दिवसांचं सगळं उत्तर, एवढं पाठवावं, मालकांची परवानगी तिने घेतली आहे, असं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: वजनांचा रकाना मी स्वतः वाचीन.

मी तिन्ही गोष्टी पाठवल्या. सोबत काही लिहिलं नाही.